वासरांना बी-कॉम्प्लेक्स किती मिली? आधी वासरू कोणत्या पोटावर जगतंय ते बघा

पलूस तालुक्यातल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्याकडे एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन) संकरित चार कालवडी आहेत. सगळ्यात धाकटी तीन आठवड्यांची, थोरली साडेतीन महिन्यांची. केस राठ झालेत, पोटं सुटलीत, अंग धरत नाहीत आणि दोघींना मधूनच हगवण लागते. मेडिकलमधून बी-कॉम्प्लेक्सचं लिव्हर टॉनिक आणि त्याच प्रकारच्या इंजेक्शनची बाटली मिळाली. त्यांना विचारायचंय की रोज किती मिली पाजायचं, सुई बरी की तोंडावाटे, आणि शेजारचे म्हणतात तसं पाजलेलं व्हिटॅमिन जनावराच्या अंगी लागतच नाही, हे खरं का.

ताई, तुमच्या शेजाऱ्यांपासूनच सुरुवात करतो, कारण बाकीची उत्तरं त्यावरच ठरतात. ते म्हणतात ते तुमच्या थोरल्या कालवडीच्या बाबतीत बरंचसं खरं आहे आणि धाकटीच्या बाबतीत साफ चूक. गोठा एकच, बाटली एकच, तरी दोघींच्या पोटात त्या औषधाचं वेगवेगळं होतं. म्हणून मिलीचा आकडा सांगण्याआधी वासरू कोणत्या पोटावर जगतंय हे बघावं लागतं.

गाईला पोटाचे चार कप्पे असतात हे आपण सगळेच सांगतो. वासरू जन्मतं तेव्हाही चारही असतात, पण कामाचं एकच, ते म्हणजे चौथं, ज्याला आपण खरं पोट म्हणतो. पहिला कप्पा म्हणजे कोठीपोट, ते त्या वयात लहान, लुळं, आतून गुळगुळीत असतं. वासरू सडाला किंवा बाटलीच्या बोंडाला लागलं, चोखायला लागलं, की अन्ननलिकेच्या शेवटी असलेली खाच मिटून तिची पन्हळ होते आणि दूध कोठीपोटाला वळसा घालून थेट चौथ्या पोटात उतरतं. तिथे त्याचं दही होतं, आणि पुढे लहान आतड्यात त्यातलं सत्त्व रक्तात जातं. म्हणजे तीन आठवड्यांच्या वासराला दुधातून दिलेलं बी गटातलं जीवनसत्त्व तुमच्या-आमच्या पोटात लागतं तसंच लागतं. त्या वासराच्या पोटात ते तयार होण्याची सोय अजून झालेली नसते, त्यामुळे दुधातून येईल तेवढंच त्याचं.

थोरलीचं निराळं. ती रवंथ करत असेल, तर तिच्या कोठीपोटात जिवाणूंची वस्ती झालेली आहे. हे जिवाणू बी गटातली बहुतेक सगळी जीवनसत्त्वं स्वतःच बनवतात, आणि ते पुढे आतड्यात गेले की ती वासराला मिळतात. बी-१२ तेवढं कोबाल्टशिवाय बनत नाही, म्हणून खनिज मिश्रणात कोबाल्ट लागतं. आता याच कोठीपोटात तुम्ही वरून टॉनिक ओतलंत, तर ते आधी जिवाणूंच्या हाती लागतं. बी गटातलं रायबोफ्लेविन (बी-२) आणि नायसिन (बी-३) जवळजवळ सगळंच तिथे मोडतं, थायामिनचाही (बी-१) बराचसा भाग जातो. शेजाऱ्यांचं ‘अंगी लागत नाही’ ते इथलं. पण तिला ते लागण्याची गरजही नसते, कारण आतमध्ये कारखाना चालू आहे.

मधल्या दोघींचं काय, हे तुम्ही त्यांचं वय सांगितलंत तरी मला सांगता येणार नाही. साधारण तिसऱ्या ते आठव्या आठवड्यात हा बदल होतो असं पुस्तकात असतं, पण तो वयावर होत नाही, खाण्यावर होतो. ज्या वासराला दुसऱ्या आठवड्यापासून मूठ-मूठ काफ स्टार्टर, म्हणजे वासरांचा खास दाणा, आणि प्यायला पाणी मिळालं, त्याचं कोठीपोट सहा-सात आठवड्यांत बऱ्यापैकी चालू लागतं. दाण्याच्या आंबण्यातून जी आम्लं तयार होतात, विशेषतः ब्युटिरिक, त्यांनी कोठीपोटाच्या आतल्या भिंतीला बोटांसारखे कोंब फुटतात. नुसत्या वैरणीने पोट फुगतं, कोंब फुटत नाहीत. हे मी पुढे परत काढणार आहे, कारण तुमच्या कालवडींची पोटं सुटलीत.

अजून एक गोष्ट लोकांच्या लक्षात येत नाही. पन्हळ मिटते ती चोखण्याने. तुम्ही दोन धारांच्या मध्ये वासराचं तोंड वर करून, गालात सिरिंज घालून टॉनिक ओतलंत, तर पन्हळ मिटेलच याचा भरवसा नाही. ते कोठीपोटात पडून राहू शकतं. आणि मान उंच धरून, जीभ ओढून ढोसलंत तर श्वासनळीत जाण्याची भीती. टॉनिक पाजल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी ताप आणि धाप घेऊन आलेली वासरं मी बघितली आहेत. टॉनिक म्हणजे निरुपद्रवी, असं मनात धरून घाईने पाजलं की हे होतं. लहान वासराला द्यायचंच असेल तर कोमट दुधात मिसळा आणि बोंडाच्या बाटलीने त्याला स्वतःला ओढू द्या. पोट, औषध आणि फुफ्फुस तिन्ही सांभाळलं जातं.

आता मुळात लागतं किती? अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००१ साली दुभत्या जनावरांच्या आहाराचे जे मापदंड दिले, त्यात मिल्क रिप्लेसरच्या, म्हणजे दुधाऐवजी पाण्यात कालवून पाजायच्या, एक किलो कोरड्या पावडरमध्ये थायामिन, रायबोफ्लेविन आणि पायरिडॉक्सिन प्रत्येकी ६.५ मिलिग्रॅम, पँटोथेनिक आम्ल १३, नायसिन १०, फॉलिक आम्ल ०.५, बायोटिन ०.१ आणि बी-१२ फक्त ०.०७ मिलिग्रॅम असावं असं आहे. वासरू दिवसाला अर्धा किलोच्या आसपास पावडर खातं. म्हणजे थायामिन तीन-साडेतीन मिलिग्रॅम, बी-१२ तर मिलिग्रॅमच्या काही शतांश. आणि गाईच्या एक लिटर दुधात रायबोफ्लेविनच पावणेदोन मिलिग्रॅमच्या घरात असतं. चार लिटर दूध पिणाऱ्या वासराला ते गरजेच्या दुप्पट मिळतं. थायामिन दुधात त्या मानाने कमी, तरीही पोटभर पूर्ण दूध पिणाऱ्या, शेण बांधून टाकणाऱ्या वासराला त्याची कमतरता सहसा होत नाही. ही जीवनसत्त्वं पाण्यात विरघळणारी. जास्तीचं मुतावाटे निघून जातं. बी-१२ तेवढं काळजात, म्हणजे यकृतात, साठतं. टॉनिक चालू केल्यावर लघवी पिवळीधमक झाली की मालक खूश होतो, ‘औषध लागू पडलं’. ते रायबोफ्लेविन असतं, न लागलेलं, बाहेर पडलेलं.

एवढं सगळं सांगून मी टॉनिकच्या विरोधात आहे असं समजू नका. माझ्या बॅगेत बी-कॉम्प्लेक्सच्या बाटल्या कायम असतात. कोणत्या वासराला वापरतो ते सांगतो.

पहिलं म्हणजे हगवणीतलं वासरू. आतड्याच्या आतले केसासारखे अंकुर हगवणीत झडतात, अन्न भरभर पुढे सरकतं, आणि दुधात सगळं असूनही रक्तात पोचत नाही. बी गटाचा साठा शरीरात फार नसतो, त्यामुळे थोड्याच दिवसांत त्याची ओढ सुरू होते. इथे मी सुई देतो, कारण पोटाचा रस्ताच बिघडलेला आहे. पण ती तिसऱ्या नंबरची गोष्ट. पहिलं इलेक्ट्रोलाइटचं पाणी, दोन दुधांच्या मध्ये, भरपूर. दुसरं, दूध बंद न करणं. आपल्याकडे हगवण लागली की आधी दूध तोडतात. त्याने शेण घट्ट दिसतं खरं, पण वासरू उपाशी पडतं. दूध थोडं-थोडं करून जास्त वेळा द्या. आणि सोडा घातलेल्या पाण्यात व्हिटॅमिन मिसळून ठेवू नका, थायामिन सोड्यात टिकत नाही.

दुसरं, तोंडावाटे प्रतिजैविकांचा लांबलेला कोर्स. गोळ्यांनी वाईट जिवाणू मरतात तसे कामाचेही मरतात. कोठीपोट नुकतंच वसत असलेल्या वासरात हे जास्त जाणवतं. कोर्स संपल्यावर काही दिवस मी बी-कॉम्प्लेक्स देतो, आणि निरोगी गाईच्या तोंडातला रवंथाचा घास काढून वासराला चारायची जुनी पद्धत आहे, तिला माझी ना नाही, गाय निरोगी असल्याची खात्री असेल तर.

तिसरं, स्वस्तातला मिल्क रिप्लेसर. पोत्यावर बी गटाचे आकडे छापलेले नसतील, किंवा पावडर पाण्यात तळाला बसत असेल, तर वासराला काय मिळतंय ते कुणालाच ठाऊक नाही. तिथे दुधातून पुरवणी द्यावी. त्याहून चांगलं म्हणजे पोतं बदलावं.

चौथं अंडी. आमच्या भागात अशक्त वासराला रोज एक कच्चं अंडं दुधात फेटून द्यायची रीत आहे. हौसेने देतात, प्रेमाने देतात. पण कच्च्या पांढऱ्या बलकात ॲव्हिडिन नावाचं प्रथिन असतं, ते बायोटिनला असं धरून ठेवतं की आतड्यातून ते रक्तात जाऊच शकत नाही. एखाद-दुसऱ्या अंड्याने काही बिघडत नाही, पण महिनाभर रोज चालू असेल आणि केस गळत असतील, कातडी खवलेदार झाली असेल, तर आधी अंडं थांबवा. उकडल्यावर ॲव्हिडिन निकामी होतं, पण मग तान्ह्या वासराला उकडलेलं अंडं देण्यात तरी काय हशील? त्यापेक्षा अर्धा लिटर दूध जास्त पाजा.

पाचवी गोष्ट टॉनिक देऊ नये अशा वेळची. तीन आठवड्यांपुढच्या वासराला शेणात रक्त, आव, कुंथणं, शेपटी बरबटलेली, असं असेल तर कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीचा संशय येतो आणि डॉक्टर ॲम्प्रोलियम देतात. हे औषध दिसायला थायामिनसारखं असतं. तो परजीवी थायामिन समजून ते घेतो आणि उपाशी मरतो. आता तुम्ही त्या औषधाच्या पाच दिवसांच्या कोर्समध्येच वरून बी-कॉम्प्लेक्सची बाटली चालू ठेवलीत तर तुम्ही परजीवीलाच जेवायला वाढताय. कोर्स चालू असताना टॉनिक बंद. कोर्स संपला की खुशाल द्या. आणि ॲम्प्रोलियम सांगितलेल्या मापाने, सांगितलेले दिवसच द्यायचं. ‘अजून थोडं शेण पातळ आहे’ म्हणून मनाने आठवडे-आठवडे चालू ठेवलं तर वासरालाच थायामिनची तूट येते.

ती तूट खरी कशी दिसते, हे एकदा बघितलेला माणूस विसरत नाही. कराडच्या खालच्या अंगाला एका गोठ्यात पाच-सहा महिन्यांचं खोंड होतं. मालकाने सांगितलं, ‘डॉक्टर, वासरू आभाळाकडं बघतंय.’ गेलो तर खोंड मान मागे ताणून उभं, दात करकरा खातंय, पाय टाकताना अडखळतंय, गव्हाणीला जाऊन धडकतंय. डोळ्यासमोर हात नेला तर पापणी हलत नाही. आंधळंच. पण बॅटरीचा झोत टाकला की बाहुली नीट बारीक होते. डोळा शाबूत, मेंदूला दिसत नाही. थायामिनशिवाय मेंदूला साखर जाळता येत नाही, त्याला सूज येते आणि बाहेरचा थर मरायला लागतो. चौकशीत निघालं की आठवड्यापूर्वी भरडा एकदम वाढवला होता आणि त्यावर मळी ओतून देत होते. जास्त दाण्याने कोठीपोट आंबट होतं, तिथे थायामिन तोडणारे जिवाणू माजतात. मळीत गंधक बरंच असतं, त्याचाही मेंदूवर असाच घाला होतो. आपला ऊस पट्टा, कारखाने हाकेच्या अंतरावर, मळी सहज मिळते, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

या आजारात थायामिन म्हणजे औषधच, आणि तेही वेळेत. मात्रा वजनाच्या किलोला १० मिलिग्रॅम, शिरेतून सावकाश, पुढे काही तासांच्या अंतराने परत. आता हिशोब करा. साठ किलोच्या वासराला ६०० मिलिग्रॅम. तुमच्या बी-कॉम्प्लेक्सच्या बाटलीवर मिलीला १० मिलिग्रॅम थायामिन लिहिलं असेल तर साठ मिली लागेल. लोक पाच मिली टोचून ‘बी-कॉम्प्लेक्स दिलंय’ म्हणून रात्रभर वाट बघतात, सकाळी वासरू पाय झाडत पडलेलं असतं. म्हणून अशा वेळी नुसत्या थायामिनची जास्त ताकदीची बाटली लागते, आणि डॉक्टरच लागतो. भरकन शिरेत सोडलं तर वासरू कोसळू शकतं. त्या खोंडाला दुसऱ्या दिवशी मान सरळ धरता आली, दिसायला लागायला आणखी काही दिवस गेले. सगळ्यांचंच असं होत नाही, उशीर झाला तर आंधळेपण राहतं.

इथे एक फरक ध्यानात ठेवा. माण, खटाव, आटपाडी, जत या भागात दुष्काळात गाभण जनावरं महिनोन्महिने नुसत्या कडब्यावर निघतात, हिरवा पाला दिसत नाही. तिथे आंधळी वासरं जन्मतात ती अ जीवनसत्त्वाच्या तुटीने. त्यांची बाहुली मोठी, पसरलेली, झोत टाकला तरी हलत नाही. त्यांना कितीही बी-कॉम्प्लेक्स टोचा, उपयोग शून्य. अ जीवनसत्त्व गाभात वासराकडे फारसं जात नाही, ते चिकातून येतं. म्हणून विल्यानंतर दोन तासांच्या आत पहिला चीक, आणि पहिल्या दिवसात वासराच्या वजनाच्या दहावा हिस्सा. खरवस शेजारीपाजारी वाटायचा तो वासराचं भरून उरल्यावर.

एवढं झालं. आता तुमच्या चार कालवडींकडे येतो. राठ केस, सुटलेलं पोट, खुंटलेली वाढ हे चित्र मला बी जीवनसत्त्वाच्या तुटीचं वाटत नाही. न बघता शंभर टक्के सांगणं बरोबर नाही, पण आमच्या भागातल्या दहा गोठ्यांत हे दिसलं तर बहुतेक ठिकाणी गोष्ट तीच असते. दूध कमी, वैरण लवकर, जंताचं औषध उशिरा.

दूध किती पाजता ते तुम्ही लिहिलेलं नाही, आणि न लिहिण्यातच बरंच काही आलं. ‘एक सड सोडतो’ असं सांगतात, पण तो सडही धार काढून झाल्यावर सोडलेला असतो. संकलन केंद्राची गाडी दारात, लिटरला दर ठरलेला, वासराच्या वाट्याला खरवडलेलं. ते मला समजतं, गोठ्याचं गणित मीही जवळून बघतो. पण तीस किलोच्या कालवडीला दिवसाला तीन लिटर दूध हे कमीत कमी आहे, आणि तिने वाढावं असं वाटत असेल तर चार. ते मापाने पाजा, सडाच्या अंदाजाने नको. दोन लिटर दुधाची कसर दहा मिली टॉनिकने भरून निघत नाही, ती बाटली कितीही महाग असली तरी. आज तीन महिने दिलेलं दूध ती कालवड लवकर माजावर येऊन परत करते.

उसाच्या वाढ्याची कुट्टी वासरांपुढे टाकत असाल तर वासरू तीन महिन्यांचं होईपर्यंत ती बंद ठेवा. गाळप हंगामात वाढे फुकट किंवा फुकटासारखे मिळतात, म्हणून सगळ्या दावणींत तेच असतं. त्यात प्रथिन फार कमी, ऑक्झलेट कॅल्शियम बांधून ठेवतं, आणि लहान कोठीपोटात ते न पचता साचून राहतं. सुटलेलं पोट बहुतेक त्याचंच. त्याऐवजी १८ ते २० टक्के प्रथिनांचा काफ स्टार्टर, पहिल्या आठवड्याच्या शेवटापासून, मूठभर, रोज ताजा. दूध पिऊन झाल्या झाल्या ओल्या तोंडाला थोडा चोळला की वासरू चाटायला शिकतं. सलग तीन दिवस किलोभर स्टार्टर खायला लागलं की दूध तोडायला हरकत नाही. सोबत लसूण घासाची थोडी कोवळी काडी, एवढी वैरण पुरते.

आणि पाणी. दूध पितंय म्हणजे पाणी कशाला, असं फार ठिकाणी ऐकतो. दूध पन्हळीतून पुढे निघून जातं, कोठीपोटाला ओल मिळते ती पाण्यातूनच. पाणी नाही तर जिवाणू वसत नाहीत, जिवाणू नाहीत तर बी जीवनसत्त्व बनत नाही. बाटलीच्या आधी एक स्वच्छ घमेलं ठेवा, त्याला पैसे पडत नाहीत.

हगवण येणाऱ्या दोघींचं ताजं शेण तपासून घ्या. डबीत घेऊन तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात द्या, तिथे सोय नसेल तर सांगलीला जिल्ह्याच्या सर्वचिकित्सालयात. जंत निघाले, कॉक्सिडिया निघाला, तर औषध वेगवेगळं आहे. डोळे बंद करून ‘जंताचं आणि टॉनिक’ हा जोडकार्यक्रम करू नका. हिरड्या आणि डोळ्याची आतली पापणी उलटून बघा. पांढरी पडली असेल तर कुणीतरी लाल सुई द्या म्हणेल. लाल रंग बी-१२चा असतो, रक्ताचा नाही. पांढरेपण गोचिडांमुळे, जंतांमुळे, नुसत्या दुधावर फार दिवस ठेवल्याने लोह कमी पडून किंवा संकरित वासरांत गोचीड ताप, म्हणजे थायलेरिया झाल्याने येतं. खांद्यापुढची गाठ सुजलेली आणि ताप असेल तर त्याच दिवशी डॉक्टर बोलवा.

तुमच्या गोठ्यात मुऱ्हा किंवा पंढरपुरी म्हशीही असतील तर रेडकांचं जंताचं औषध दहा ते चौदाव्या दिवशीच द्यायचं असतं, महिनाभर थांबायचं नाही. त्यांना मोठा गोल जंत आईच्या दुधातूनच येतो, आणि मातकट, घाण वासाची हगवण बऱ्याचदा त्याची असते.

आता तुमच्या हातातल्या त्या दोन बाटल्यांबद्दल. धाकटीला हगवण असेल तर इंजेक्शन तीन ते पाच दिवस, मात्रा लेबलवर वजनाप्रमाणे असते ती, मानेच्या मांसात. पुठ्ठ्यावर देऊ नका. लहान वासराला मांस कमी, सुई मज्जातंतूला लागली की मागचा पाय ओढत राहतो. हगवण नसेल तर तिला टॉनिकही नको, दूध वाढवा. मधल्या दोघी नीट रवंथ करत नसतील आणि खाणं मंद असेल तर आठवडाभर दुधातून टॉनिक द्यायला माझी हरकत नाही, लेबलवरच्या मापानेच. भूक थोडी सुधारलेली दिसते, निदान नुकसान नाही. थोरलीला अजिबात नको, तिला कोबाल्ट असलेलं खनिज मिश्रण रोज भरड्यातून द्या. बाटल्या खिडकीत ठेवू नका. काच तपकिरी असते ती उगाच नसते, उन्हाने रायबोफ्लेविन जातं. सुई टोचून उघडलेली बाटली गढूळ झाली किंवा तळाशी गाळ बसला तर टाकून द्या.

हे बदल केल्यावर फरक पडतोय की नाही, हे नजरेने ठरवू नका, रोज बघणाऱ्याला वाढ दिसत नाही. शिंप्याची टेप घ्या, पुढच्या पायांच्या बरोबर मागे छातीचा घेर मोजा, चौघींचा, सकाळी दूध पाजण्याआधी, आणि भिंतीवर तारखेसह लिहा. पंधरा दिवसांनी त्याच वेळी परत मोजा. जन्मताना तीस किलोची असलेली संकरित कालवड दोन-अडीच महिन्यांत दुप्पट वजनाची व्हायला हवी. घेर हलत नसेल तर दूध किती, स्टार्टर किती, शेणाच्या तपासणीत काय निघालं आणि ते दोन्ही आकडे एवढं लिहून पाठवा, मग पुढचं बोलू.